मुरुडशेंग, धायटी की भलतंच काही? झाडीतलं लाल फुलांचं झुडूप दर वर्षी चुकत असेल तर

पाऊस जरा स्थिरावला की मला फोटो यायला लागतात. हिरव्या गर्दीत एक लाल ठिपका, तोही थोडा हललेला, आणि खाली प्रश्न: "ही धायटीच ना?" बहुतेक वेळा ती मुरुडशेंग असते. फेब्रुवारीत हेच उलटं होतं. फोटोत धायटी असते आणि नाव मुरुडशेंगेचं लिहिलेलं असतं. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात मुलांना आणि मोठ्यांना फिरवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ओळखीची ही एक चूक मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की ती कुठल्या पायरीवर होते हे आता पाठ झालंय. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

हे सह्याद्री आणि कोकणातल्या झुडपांबद्दल आहे. उंच झाडांच्या सावलीत किंवा जंगलाच्या कडेला, माणसाच्या उंचीच्या आगेमागे वाढणारं, लाल फुलांचं आणि आपल्याकडचंच झुडूप. उमेदवार मुळात फार नाहीत. गोंधळ होतो तो त्यांच्या आसपास वावरणाऱ्या पाहुण्यांमुळे.

लक्षणं: ओळख चुकतेय हे कशावरून कळतं

- एकाच झुडपाला तुमच्या गटातले दोन जण दोन नावं देतात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.
- फोटोवरून नाव सांगणारं अ‍ॅप एकदा मुरुडशेंग म्हणतं, त्याच झुडपाच्या दुसऱ्या फोटोला अमेरिकेतल्या कुठल्याशा झुडपाचं नाव देतं.
- पुस्तकात फूल लाल आहे; तुमच्या झुडपावर मात्र लाल आणि राखाडी-निळसर अशी दोन्ही फुलं एकाच फांदीवर आहेत.
- गेल्या वर्षी फुललेलं झुडूप तुम्हाला पक्कं आठवतंय, पण फुलं नसताना त्याच जागी गेलं की ते सापडत नाही.
- गावातल्या आजी एक नाव सांगतात, वनरक्षक दुसरं आणि पुस्तक तिसरं.
- "देशी" म्हणून रोपवाटिकेतून आणलेलं रोप फुललं, पण जंगलातल्या झुडपाशी जुळत नाही.

यातली दोन लक्षणंही जुळत असतील तर तुमच्या नजरेत काही खोट नाही. चुकतोय तो पाहण्याचा क्रम. आपण लाल रंगापासून सुरुवात करतो, आणि या सगळ्या खटपटीत सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट तीच आहे. मुरुडशेंगेचं ताजं फूल विटकरी लाल असतं आणि जुनं होता होता फिकट निळसर, शिशासारखं होतं. धायटीचा लाल रंग पाकळ्यांचा नसतोच, तो फुलाच्या कोशाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचा असतो. सावलीत मोबाइलचा कॅमेरा नारिंगीला लाल करतो आणि लालला गुलाबी. तेव्हा रंग "इकडे बघ" एवढंच सांगतो असं धरा आणि खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

१. आधी तारीख पाहा

ही तपासणी जागेवरून न उठता होते. धायटी, म्हणजे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, साधारण जानेवारीत फुलायला लागते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. भर फेब्रुवारी-मार्चचा. मुरुडशेंग, हेलिक्टेरेस आयसोरा, पावसाळ्यात फुलते आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फुलं देत राहते. सप्टेंबरच्या फोटोत धायटीचा भरगच्च बहर दिसत असेल, तर फोटो जुना आहे किंवा झुडूप दुसरं आहे.

हे का महत्त्वाचं? या दोघींचे बहर एकमेकांवर फारसे येत नाहीत. म्हणून महिना कळला की अर्धा प्रश्न सुटतो, आणि लोक नेमका तोच कळवत नाहीत. मला फोटो पाठवणाऱ्याला मी आधी तारीख आणि जागा विचारते, फूल मागाहून. एक अडचण मात्र आहे: कोकणातली रुक्मिणी किंवा पेंडगूळ (इक्झोरा कॉक्सिनिया) वर्षभर थोडीथोडी फुलत असते, आणि घाणेरीला तर ऋतू असा नाहीच. या दोन्ही महिन्यावरून बाद होत नाहीत. त्यांच्यासाठी तिसरी तपासणी आहे.

२. ते फूलच आहे ना?

दुरून लाल दिसलं की मेंदू "फूल" म्हणून मोकळा होतो. दोन पावलं पुढे जा. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुसुमाच्या झाडाला येणारी कोवळी पालवी इतकी लालभडक असते की त्याचं लहान रोप झाडीत फुललेल्या झुडपासारखं दिसतं. शेंदरीची फळंही अशीच फसवतात. घोसात लागलेल्या त्या लहान फळांवर लाल भुकटी असते आणि ती बोटाला लागते. पालवी आणि फळं बाद केल्याशिवाय पुढे गेलात तर फुलांच्या पुस्तकात तुम्ही नसलेली गोष्ट शोधत बसाल.

तिसरी फसगत बांडगुळाची. त्याची फुलं खरी असतात, नळीसारखी, लाल-नारिंगी. पण झुडूप दुसऱ्याचं असतं. फुलाची फांदी हाताने नाही, नजरेने खालपर्यंत माग काढत न्या. मध्येच ती एका जाड गाठीत शिरत असेल आणि गाठीच्या वर-खाली पानं वेगवेगळी असतील, तर वरचं बांडगूळ आहे आणि खालचं त्याला पोसणारं झाड. अ‍ॅपला तुम्ही फूल बांडगुळाचं आणि पानं यजमानाची दिलीत तर उत्तर चुकणारच.

३. पानं समोरासमोर की एकाआड एक?

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. फांदीचं एक पेर निवडा, शक्यतो मधल्या भागातलं. तिथून एक पान निघतं की दोन, ते पाहा. मुरुडशेंगेची पानं एकाआड एक असतात: एक डावीकडे, थोडं वर एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. धायटीची समोरासमोर जोडीने येतात, कधी एकाच पेरावर तीनसुद्धा. रुक्मिणीची समोरासमोर. घाणेरीची समोरासमोर. म्हणजे पानं एकाआड एक दिसली की धायटी, रुक्मिणी आणि घाणेरी तिघी एका फटक्यात यादीतून जातात.

याला मी एवढं महत्त्व का देते? कारण पानांची मांडणी ऋतूप्रमाणे बदलत नाही, कॅमेऱ्याने बदलत नाही, आणि सावलीत-उन्हात तीच राहते. फूल झडतं, रंग उडतो, पान किडा खातो. पण पान झडून गेल्यावरही पेरावर त्याचा व्रण राहतो आणि व्रणांवरून मांडणी कळते. फेब्रुवारीत धायटीची बरीच पानं झडलेली असतात तेव्हा मी मुलांना हेच करायला लावते. फांदीवर बोट फिरवा, व्रण मोजा, जोडीने आहेत का सांगा.

इथे दोन चुका होतात. पहिली, लोक शेंड्याकडची कोवळी पानं पाहतात. तिथे पेरं इतकी जवळ असतात की एकाआड एक पानंही समोरासमोर वाटतात. दुसरी, आडव्या फांदीवर पानं उजेडासाठी वळून एका पातळीत येतात आणि जोडीसारखी दिसतात. म्हणून पान कुठे पसरलंय हे न पाहता त्याचा देठ फांदीला जिथे चिकटतो तो बिंदू पाहा.

समोरासमोर पानं निघाली तर अजून एक नजर टाका. दोन देठांच्या मधल्या जागेत फांदीला चिकटलेलं लहानसं टोकदार त्रिकोणी उपपर्ण दिसतं का? दिसलं तर ते रुक्मिणीच्या कुळातलं आहे, धायटी नाही. हा त्रिकोण नखाच्या टोकाएवढा असतो, पण रोपवाटिकेतल्या गोंधळात तोच कामाला येतो. त्याबद्दल पुढे सांगते.

४. पान उलटून पाहा, बोटाने पाहा

हात घालण्यापूर्वी झुडपात काय आहे ते पाहून घ्या. पावसाळ्यात हिरवा चापडा हा विषारी साप याच उंचीच्या फांद्यांवर निवांत बसलेला असतो. पावसाळा सरला की खाजकुइलीच्या तपकिरी केसाळ शेंगा याच झुडपांवर लोंबत असतात. तिचे केस हाताला लागले तर त्या दिवशी दुसरं काही पाहणं होत नाही.

मुरुडशेंगेचं पान रुंद, टोकाकडे जास्त भरलेलं, कडेला वेडेवाकडे दाते असलेलं. देठाजवळची बाजू अनेकदा तिरपी असते, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखी नसते. वरून हात फिरवला की खरखरीत लागतं आणि खालून मऊ, लवदार. धायटीचं पान अगदी वेगळं: लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, जवळजवळ बिनदेठाचं, कडा सलग, आणि खालून राखाडी-पांढरट. उजेडाकडे धरून खालची बाजू नीट पाहिली की त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. रुक्मिणीचं पान जाड, गुळगुळीत, चामड्यासारखं. घाणेरीचं पानही खरखरीत असतं, पण चुरडलं की तो उग्र वास येतो, आणि तिची चौकोनी फांदी हाताला बोचते.

फक्त खरखरीत पानावर भिस्त ठेवू नका. फुलं नसताना मुरुडशेंग हमखास धामण आणि फालसा या झाडांशी मिसळते. त्यांचीही पानं एकाआड एक, दातेरी, लवदार. याच कारणाने गेल्या वर्षीचं झुडूप यंदा "हरवतं". ते तिथेच असतं, आपण त्याला धामण समजून पुढे जातो.

जमिनीवर पडलेलं पान उचलून ओळख ठरवू नका. उंच झाडांखाली कुणाचंही पान कुठेही पडतं. पडलेलं पान घेतलंच तर फांदीवरच्या पानाशी ताडून मग घ्या.

५. फूल कुठे लागलंय आणि बाजूने कसं दिसतं

आता फुलाकडे. वरून नाही, बाजूने पाहा. समोरून काढलेल्या फोटोत मुरुडशेंगेचं फूल म्हणजे चुरगळलेला लाल कागद वाटतो, आणि त्याचं सगळं वेगळेपण बाजूनेच कळतं.

मुरुडशेंगेची फुलं पानाच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-चारच्या झुबक्यात येतात. मोठा गुच्छ नसतो. कोश नळीसारखा, दोन्ही बाजूंनी दाबलेला. पाच पाकळ्या मागे वळलेल्या आणि सारख्या नसलेल्या. आणि या सगळ्यातून बाहेर आलेली एक लांब, बारीक, वाकलेली दांडी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पुंकेसर वाटते. ती दांडी फुलाचे नर आणि मादी दोन्ही अवयव टोकावर घेऊन बाहेर आलेली असते; टोकाला दहा पुंकेसरांचा लहानसा पुंजका आणि त्यातच बीजांडकोश. शिंजीर मधासाठी चोच आत घालतो तेव्हा हे टोक त्याला वरून टेकतं आणि पराग पिसांना लागतात. एकदा एका झुडपापाशी वीस मिनिटं हालचाल न करता बसा. शिंजीर आला की दांडी एवढी लांब का हे न सांगता कळेल आणि पुन्हा विसरणार नाही.

धायटीची फुलं फांदीच्या लांबीभर, पेरापेरावर दाट झुबक्यांनी लागतात. पानं झडलेली लांब वाकलेली फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत लाल दिसते. एक फूल घेऊन पाहिलंत तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची किंचित वाकलेली लाल नळी, तोंडाशी सहा दाते, दात्यांमधून जेमतेम डोकावणाऱ्या अरुंद पाकळ्या आणि बाहेर आलेले बारा पुंकेसर. फूल संपल्यावरही कोश गळत नाही, लाल राहतो आणि त्याच्या आत फळ धरतं. म्हणून बहर ओसरला तरी झुडूप लाल दिसत राहतं आणि लोकांना वाटतं अजून फुललंय. आसव-अरिष्टांत धायटीची फुलं घालतात ती हीच, संस्कृतात धातकी.

रुक्मिणीचं फूल सगळ्यांत सोपं. फांदीच्या टोकाला गोल गुच्छ, लांब बारीक नळी आणि वर चारच पाकळ्या, टोकदार. बागेत लावतात त्या चिनी जातीच्या पाकळ्यांची टोकं गोलसर असतात. आपली रुक्मिणीही बागांत खूप लावतात, त्यामुळे नाव बरोबर आलं तरी "रानातली की लावलेली" हा प्रश्न उरतो. जुन्या वाड्याच्या, घराच्या किंवा देवळाच्या आवारापाशी असेल तर नोंदीत तसं लिहा.

पावसाळ्यात आणखी एक फूल या गोंधळात येतं आणि त्याच्याबाबत चूक परवडत नाही: कळलावी. पाकळ्या मागे वळलेल्या, लाल-पिवळ्या, बहर मुरुडशेंगेच्याच दिवसांत. पण ती वेल आहे. तिच्या पानाचं टोक लांब होऊन ताणासारखं, म्हणजे वेलीच्या आधार धरणाऱ्या धाग्यासारखं वळतं आणि आधाराला गुंडाळतं. कधी ती मुरुडशेंगेवरच चढलेली असते आणि फुलं एकमेकांत मिसळतात. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे जहाल विष असतं, कंदातही. पानाच्या टोकाला ताण दिसला की पान, फूल, कंद काहीही हाताळू नका आणि मुलांना मागे घ्या.

६. शेंग शोधा

मुरुडशेंगेसाठी हा शेवटचा शब्द. पाच शेंगा एकमेकींभोवती दोरीसारख्या पिळलेल्या, मिळून साधारण दोन इंच लांबीची एक पिळदार कांडी. आधी हिरवी, मग तपकिरी, वाळली की उकलते. 'हेलिक्टेरेस' हे नावही पीळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, आणि आपल्याकडे तर मुरड नावातच आहे.

ही तपासणी सहावी का, पहिली का नाही? कारण बहुतेकांना वाटतं की शेंग फुलांनंतर येते, म्हणून फुलं असताना शोधायचीच नाही. खरं तर दोन गोष्टी करता येतात. एक, झुडपाच्या आतल्या, जुन्या फांद्या पाहा. गेल्या हंगामातली एखादी काळपटलेली शेंग बऱ्याचदा लटकलेली असते. दोन, ज्या फुलांच्या पाकळ्या नुकत्याच गळल्यात ती पाहा. लांब दांडी तशीच राहते आणि तिच्या टोकावरचा बीजांडकोश वाढायला लागतो. गव्हाच्या दाण्याएवढा असतानाच त्याला पीळ पडलेला दिसतो. भिंगातून तो पाहिलेली मुलं पुढे फुलाशिवायही हे झुडूप ओळखतात, हा माझा अनुभव आहे. धामण-फालशाला गोल फळं येतात, त्यामुळे चौथ्या तपासणीतली शंका इथे मिटते.

७. भिंग, आणि परत जाणं

इथवर उत्तर मिळालं नसेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. मुरुडशेंगेच्या पानाखालची लव भिंगातून पाहिली की केस एकेकटे नसतात, एका बिंदूतून चांदणीसारखे फुटलेले असतात. जास्वंद-भेंडीच्या मोठ्या कुळाची ही खूण. (जुन्या पुस्तकांत मुरुडशेंग स्टर्क्युलिएसी कुळात सापडेल, आता ती माल्व्हेसीत घेतात. दोन पुस्तकांत दोन कुळं दिसली म्हणून घाबरू नका.) चांदणी केस धामणीलाही असतात, म्हणून या खुणेने कूळ पक्कं होतं, जात नाही.

सगळ्यात महाग तपासणी म्हणजे वेळ. झुडपाची जागा मोबाइलवर नोंदवा आणि दुसऱ्या ऋतूत परत जा. माझ्या वहीत अशी काही झुडपं दोन-दोन वर्षं प्रश्नचिन्ह लावून होती. ऑगस्टमध्ये फक्त पानं, डिसेंबरात शेंग, आणि मग नाव. घाईने लिहिलेल्या चुकीच्या नावापेक्षा ते प्रश्नचिन्ह मला बरं वाटतं, कारण चुकीची नोंद पुढचे दहा जण उचलतात.

नावांचा घोळ

आजींचं नाव पुस्तकाशी जुळत नाही म्हणून ते चूक ठरत नाही. मुरुडशेंगेला कित्येक ठिकाणी केवण म्हणतात. तिच्या सालीचे धागे चिवट असतात, दोर वळतात, आणि दोर वळणाऱ्या माणसाला शेंगेपेक्षा साल जवळची. बाळगुटीसाठी शेंग उगाळणाऱ्या घरात तेच झुडूप मुरुडशेंग. दोन्ही नावं लिहा, कुणी कुठे सांगितलं तेही लिहा. पण स्थानिक नाव ओळखीचा पुरावा म्हणून एकट्याने वापरू नका. एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असू शकतं.

रोपवाटिकेतलं "देशी" रोप

याचं मला फार वाईट वाटतं म्हणून वेगळं लिहिते. एका शाळेच्या आवारात आम्ही देशी झुडपांची रांग लावली होती. पैसे मुलांनी जमवले होते. धायटी म्हणून आणलेली रोपं वर्षभराने फुलली तेव्हा ती हॅमेलिया निघाली, अमेरिकेच्या उष्ण भागातलं बागेचं झुडूप. लाल-नारिंगी नळ्या, आणि एका पेरावर तीन-तीन पानं. धायटीलाही कधी तीन पानं येतात, तिथेच आम्ही फसलो.

तेव्हापासून रोप घेताना मी तीन गोष्टी पाहते. देठांच्या मध्ये तो त्रिकोणी उपपर्ण आहे का. हॅमेलियाला असतो, धायटीला नसतो. पान खालून राखाडी आणि काळ्या ठिपक्यांचं आहे का, धायटीचं असतं. आणि फुललेलं असेल तर फुलं फांदीच्या टोकाला आहेत की पेरापेरावर. हॅमेलियाची टोकाला येतात. मुरुडशेंग म्हणून मिरची जास्वंदही गळ्यात पडू शकते. तिची पानं एकाआड एक, फूल लाल आणि मधली दांडी बाहेर. पण तिच्या पाकळ्या मिटलेल्या राहतात, फूल खाली लोंबतं, आणि पिळाची शेंग तिला कधीच येत नाही. ही झुडपं बागेत वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण जंगलाच्या कडेला "मूळचं झुडूप परत लावतोय" म्हणून लावली तर घाणेरीचं जे झालं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. तीही कुणीतरी बागेसाठीच आणली होती.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

खाण्यासाठी किंवा औषधासाठी ओळख हवी असेल तर फोटोवर आणि या लेखावर थांबू नका. बाळगुटीसाठी जंगलातून स्वतः शेंग आणणार असाल तर आधी वैद्यांना दाखवा, आणि तान्ह्या बाळाला काहीही देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मुलाने अनोळखी फळ, बी किंवा कंद तोंडात घातला असेल तर ओळख पटवत बसू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि त्या झाडाची फळा-पानांसकट फांदी पिशवीत घालून बरोबर घ्या. नाव तिथे गेल्यावरही कळेल.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात असाल तर तोडण्यापाशीच थांबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. देवराईत कायद्याआधी गावाला विचारा. फोटो मात्र पोटभर काढा: पूर्ण झुडूप, पेर जवळून, पानाची खालची बाजू, फूल बाजूने आणि शेंग, प्रत्येकात मापासाठी एखादं नाणं किंवा स्वतःचं बोट.

सातही तपासण्या करून खुणा एकमेकींशी जुळत नसतील, म्हणजे पानं एकीची आणि फूल दुसरीचं वाटत असेल, तर अंदाज बांधू नका. आपल्याला माहीत नसलेली एखादी जातही ती असू शकते. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम. अशा ठिकाणी वाळवून जपलेल्या नमुन्यांशी तुमचा नमुना ताडून पाहता येतो. जाण्याआधी विचारून जा.

नमुना घ्यायची परवानगी असेल तर फुलं आणि शेंग दोन्ही असलेली फांदी घ्या, ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर मावेल एवढी. एखादं पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. वर्तमानपत्रात दाबा आणि पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. चिठ्ठीवर तारीख, जागा, झुडपाची उंची, सावली किती होती आणि स्थानिक नाव लिहा. फुलाचा रंगही तिथल्या तिथे, झुडपासमोर उभं राहूनच लिहा, ताज्याचा वेगळा आणि जुन्याचा वेगळा. दाबलेल्या फुलात तो राहत नाही.